कामगारांचा निधी आणि कामगारांचे विश्वस्त

गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ कचेरीत भेटावयास आले. एका खाजगी कारखान्यात अठ्ठावीस वर्षे फिटर म्हणून नोकरी करून ते नुकतेच निवृत्त झाले होते. हातात प्रॉव्हिडंट फंडाच्या हिशेबाचा कागद होता. त्यांचा फंड सरकारी कार्यालयाकडे नव्हे, तर कंपनीने स्थापलेल्या ट्रस्टकडे जमा होत असे. कागदाच्या तळाशी ‘विश्वस्त मंडळाकरिता’ असे छापलेले आणि त्याखाली दोन सह्या. त्यांनी विचारले, “फादर, ह्यातली एक सही आमच्या माणसाची असते म्हणतात. तो आमचा माणूस कोण?”

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न आपल्या मनात एकदाही आला नाही, हे त्यांनीच प्रांजळपणे सांगितले. मलाही उत्तर देता आले नाही. पैसे पूर्ण मिळाले होते, तक्रार काहीच नव्हती. तरीही त्या प्रश्नाने मला अस्वस्थ केले. आपल्या धर्मप्रांतातील हजारो कुटुंबांची म्हातारपणाची भाकरी ज्या निधीवर अवलंबून आहे, त्याचा कारभार कोण पाहतो, आणि त्यात कामगाराला बोलण्याचा अधिकार आहे की नाही, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम पैसा कुणाचा, हे पाहू. कर्मचाऱ्याच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यातून साधारणपणे १२ टक्के रक्कम कापली जाते आणि तेवढीच रक्कम मालक भरतो. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात; उरलेले ३.६७ टक्के भविष्य निर्वाह निधीत. निवृत्तिवेतनासाठी वेतनाची मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १५,००० रुपये धरली गेली. त्यामुळे त्या मर्यादेनुसार निवृत्तिवेतन खात्यात दरमहा जास्तीत जास्त १,२५० रुपयेच जातात. मालकाचा हिस्सा म्हणजे मालकाने केलेला दानधर्म, असा एक गैरसमज अजूनही आढळतो. तो हिस्सा कामगाराच्या श्रमाचाच मोबदला आहे. फक्त तो आज हाती न देता उद्यासाठी राखून ठेवलेला असतो. कायदाही ह्या बाबतीत कठोर आहे. कामगाराच्या पगारातून कापलेली वर्गणी मालकाने निधीत भरली नाही, तर भारतीय दंड संहितेने तो फौजदारी विश्वासघात मानला होता, आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. हा ‘विश्वास’ शब्द महत्त्वाचा आहे. विश्वस्त हा धनी नसतो. दुसऱ्याची ठेव सांभाळणारा असतो. मग ज्याची ठेव, त्याला विश्वस्तांच्या बैठकीत एक खुर्ची असावी, ही अपेक्षा वावगी नाही.

दिल्लीतील दहा खुर्च्या

स्वातंत्र्यानंतर चार वर्षांनी, नोव्हेंबर १९५१ मध्ये निघालेल्या वटहुकुमाने व त्यापाठोपाठ १९५२ च्या कायद्याने ही व्यवस्था उभी राहिली. निधीचा कारभार केंद्रीय विश्वस्त मंडळाकडे सोपवण्यात आला. कायद्याप्रमाणे ह्या मंडळावर अध्यक्ष, उपाध्यक्ष, केंद्र सरकारचे पाचपर्यंत आणि राज्य सरकारांचे पंधरापर्यंत प्रतिनिधी, मालकवर्गाचे दहा, कर्मचाऱ्यांचे दहा आणि केंद्रीय भविष्य निर्वाह निधी आयुक्त अशी रचना ठरली. अध्यक्षपद प्रत्यक्षात केंद्रीय श्रममंत्र्यांकडे असते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली व जुन्या कायद्याची जागा तिने घेतली. पण मालक व कर्मचारी यांच्या दहा-दहा जागांची मांडणी तीतही ठेवण्यात आली आहे.

म्हणजे मंडळ पूर्ण भरलेले असेल, तर ४३ पैकी १० जागा कामगारांच्या. ह्या दहाजणांना कामगार मत देऊन निवडत नाहीत. कामगार संघटनांशी विचारविनिमय करून केंद्र सरकार त्यांची नेमणूक करते. देशातील प्रमुख कामगार महासंघांचे पुढारी तेथे बसतात. त्यांपैकी अनेकांनी आयुष्य कामगारांसाठी वेचलेले आहे, ह्याबद्दल शंका नाही. पण सात कोटींहून अधिक वर्गणीदारांपैकी बहुसंख्य कुठल्याच युनियनचे सभासद नाहीत. कंत्राटी कामगार, मॉलमधील विक्रेत्या मुली, सुरक्षारक्षक, लहान कारखान्यांतील हेल्पर ह्यांचे म्हणणे ह्या दहा खुर्च्यांपर्यंत पोहोचण्याचा रस्ता फार लांबचा आहे.

तो किती लांबचा आहे, हे २०१६ साली बंगळुरूने दाखवून दिले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सरकारने अधिसूचना काढली की, नोकरी सुटल्यावर कामगाराला स्वतःचा हिस्सा व त्यावरील व्याज काढता येईल. मालकाचा हिस्सा मात्र वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत मिळणार नाही. कागदावर पाहिले, तर हेतू वाईट नव्हता. म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा तरुणपणीच खर्च होऊ नये, असेच कुणीही शहाणा माणूस म्हणेल. पण बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाईयंत्रावर बसणाऱ्या लाखो स्त्रियांचे जगणे वेगळे होते. तुटपुंजा पगार, काही वर्षांनी बदलणारी नोकरी, मुलांच्या शाळेची फी, सावकाराचे कर्ज. ५८ व्या वर्षापर्यंत शिलाईयंत्रावर कोण टिकते? मधल्या काळात हाती येणारी फंडाची रक्कम हीच त्यांची एकमेव एकरकमी पुंजी. १८ व १९ एप्रिल रोजी त्या रस्त्यावर उतरल्या. होसूर रस्ता बंद पडला, बसगाड्या जळाल्या, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. जाळपोळीचे समर्थन कुणी करणार नाही. परंतु १९ एप्रिललाच सरकारने ती अधिसूचना मागे घेतली, हेही तितकेच खरे.

ह्या घटनेकडे मी पुन्हापुन्हा वळतो. बहुतांशी असंघटित असलेल्या स्त्रियांनी दोन दिवसांत जे मिळवले, ते बैठकीच्या खोलीत त्यांच्यापैकी एखादी बसली असती, तर अधिसूचना निघण्यापूर्वीच सांगता आले असते. शिलाई करणाऱ्या बाईला निवृत्तिवेतनाचे अर्थशास्त्र कळत नसेल. पण पगाराच्या विसाव्या तारखेला घरात काय उरते, हे तिच्याइतके श्रम मंत्रालयातील कुणालाही कळत नाही.

त्याच एप्रिल महिन्यात दुसरी गोष्ट घडली. विश्वस्त मंडळाने २०१५-१६ सालासाठी ८.८ टक्के व्याजाचा निर्णय घेतला होता. अर्थ मंत्रालयाने तो ८.७ वर आणला. येथे कायद्यातील एक बारकावा ध्यानी घ्यावा लागतो. व्याजदर मंडळ ‘ठरवते’ असे वर्तमानपत्रांत छापून येते. प्रत्यक्षात १९५२ च्या योजनेनुसार तो मंडळाच्या सल्ल्याने केंद्र सरकार ठरवत असे. सर्व कामगार संघटना, सरकारच्या विचारसरणीशी जवळीक असलेलीसुद्धा, विरोधात उभ्या राहिल्या आणि महिनाअखेर ८.८ टक्के दर पुन्हा मान्य झाला. फरक एक दशांश टक्क्याचा होता. प्रश्न मंडळाच्या शब्दाला किंमत आहे की नाही, हा होता.

कामगार प्रतिनिधींचे म्हणणे नेहमीच बरोबर असते, असा माझा दावा नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये निधीच्या नव्या जमेचा लहानसा भाग शेअर बाजाराशी निगडित फंडांत गुंतवण्यास सुरुवात झाली. प्रथम ५ टक्के, मग १०, आणि २०१७ मध्ये १५ टक्के. कामगार प्रतिनिधींचा त्याला विरोध होता. बाजाराची पुढील चाल पाहता तो विरोध अतिसावधपणाचा होता, असे आज म्हणता येईल. परंतु ‘बाजार कोसळला तर नुकसान कुणी सोसायचे?’ हा त्यांचा प्रश्न योग्यच होता, आणि तो विचारला गेल्यामुळेच पावले हळूहळू टाकली गेली असावीत, असे मला वाटते.

कंपनीचा ट्रस्ट

आता आमच्या फिटर गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. अनेक मोठ्या कंपन्यांना सरकारी निधीतून सूट दिलेली असते. त्या आपल्या कर्मचाऱ्यांचा निधी स्वतःच्या ट्रस्टमार्फत सांभाळतात. मात्र निवृत्तिवेतनाचा हिस्सा सर्वसाधारणपणे सरकारी योजनेकडेच जातो. १९५२ च्या योजनेने अशा ट्रस्टांना घालून दिलेले नियम वाचून मी थक्क झालो, कारण कामगाराला दिल्लीत जे मिळत नाही, ते येथे त्याला कागदोपत्री मिळालेले आहे. विश्वस्त मंडळावर मालकाचे व कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी समान संख्येने असावयाचे. कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी सभासदांनी निवडणुकीने निवडावयाचे; मान्यताप्राप्त युनियन असेल, तर तिने ते नेमावयाचे. मुदत पाच वर्षांची. मंडळाची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावयाची. दरवर्षी हिशेबतपासणी आणि वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत प्रत्येक सभासदाच्या हाती त्याच्या खात्याचा उतारा. सरकारी निधीपेक्षा कमी व्याज देता येणार नाही. तूट आली, तर ती मालकाने भरून द्यावयाची. अफरातफर किंवा चुकीच्या गुंतवणुकीमुळे नुकसान झाले, तर तेही मालकानेच. गुंतवणूक केल्याबद्दल एखाद्या वित्तसंस्थेने दलाली वा बक्षीस दिले, तर ती रक्कमसुद्धा ट्रस्टच्या खात्यात जमा झाली पाहिजे, असाही नियम आहे. तो कुणाचे हात पाहून केला असेल, हे सुज्ञ वाचकांनी ओळखावे.

समान संख्या म्हटली तरी पारडे अगदी समतोल नाही. अध्यक्ष मालकाच्या प्रतिनिधींपैकी नेमला जातो, आणि मते समसमान पडली, तर अध्यक्षाला निर्णायक मत देता येते. तरीही बैठकीत बसणे, कागद पाहणे, विरोध नोंदवणे ह्याला मोल आहे. गुपचूप होणारी गोष्ट चारचौघांत विचारावी लागते, तेव्हा ती करणाऱ्याचा हात थबकतो.

हात थबकला नाही, तर काय होते, ह्याचे उदाहरण उत्तर प्रदेशात पाहावयास मिळाले. तेथील सरकारी वीज कंपन्यांतील कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीतून चार हजार कोटींहून अधिक रुपये २०१७ ते २०१८ ह्या काळात दिवाण हाउसिंग फायनान्स ह्या खाजगी गृहकर्ज कंपनीत ठेवीरूपाने गुंतवण्यात आले. पुढे ती कंपनी डबघाईला आली आणि २,२०० कोटींहून अधिक रक्कम अडकली. २०१९ च्या नोव्हेंबरात हे प्रकरण बाहेर आले, अधिकाऱ्यांना अटक झाली, अभियंते व कर्मचारी आंदोलनात उतरले. आपला पैसा सरकारी रोख्यांत सुरक्षित आहे, अशा समजुतीत ते तोवर निर्धास्त होते. त्याच सुमारास आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था २०१८ मध्ये कोसळली, तेव्हा देशातील अनेक कंपन्यांच्या भविष्य निर्वाह निधी ट्रस्टांचे पैसे तिच्या रोख्यांत असल्याचे उघड झाले. उत्तम पतदर्जाचा शिक्का असलेले ते रोखे होते. म्हणजे शिक्क्यावर विसंबणेही पुरेसे नाही.

ब्रिटनने हा धडा आपल्या आधी गिरवला. ‘मिरर’ वृत्तपत्रसमूहाचे मालक रॉबर्ट मॅक्सवेल ५ नोव्हेंबर १९९१ रोजी आपल्या नौकेवरून समुद्रात पडून मरण पावले. त्यानंतर उघडकीस आले की, बुडती कंपनी तगवण्यासाठी त्यांनी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीतील चाळीस कोटी पौंडांहून अधिक रक्कम वळवली होती. सुमारे ३२,००० सभासदांचे म्हातारपण टांगणीला लागले. त्या घोटाळ्यानंतर चौकशी समिती नेमली गेली आणि १९९५ च्या कायद्याने ठरवले की, निवृत्तिवेतन निधीच्या विश्वस्तांपैकी किमान एक-तृतीयांश सभासदांनी नामनिर्देशित केलेले असावेत. निवृत्त झालेले लोकही त्यांत असू शकतात. सभासद-विश्वस्तांना कायदा, गुंतवणूक व निधीचे दस्तऐवज ह्यांचे पुरेसे ज्ञान असले पाहिजे, अशी भर २००४ च्या कायद्याने घातली. ही भर मला विशेष महत्त्वाची वाटते. आपल्याकडे कामगाराला खुर्ची दिली जाते. पण ताळेबंद कसा वाचावा, हे त्याला कुणी शिकवत नाही. मग तो बैठकीत चहा पिऊन, दाखवतील तेथे सही करून परततो. दोष त्याचा एकट्याचा नसतो.

ज्यांना खुर्चीच नाही

आपल्या वाचकांत शिक्षक बरेच आहेत. १ नोव्हेंबर २००५ नंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत वा अनुदानित शाळांत रुजू झालेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू झाली नाही. त्यांचे पैसे पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत गेले. ह्या प्रणालीचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्त मंडळावर वर्गणीदारांनी निवडलेला एकही प्रतिनिधी नसतो. २०१३ च्या कायद्यात एका सल्लागार समितीची तरतूद आहे व तीत कर्मचारी संघटनांना स्थान आहे. पण सल्ला तो सल्लाच. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचारी व शिक्षकांनी आठवडाभर संप केला, तो जुन्या योजनेच्या मागणीसाठी. जुनी योजना परवडते की नाही, हा वाद वेगळा आहे. मात्र त्या संपातील कडवटपणा निव्वळ रकमेचा नव्हता. आपल्या उतारवयाचा निर्णय आपल्याला न विचारता झाला, ही बोच त्यात होती.

आणि निवृत्त झालेले कामगार? कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झाली. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये ठरले. त्याच वेळी निवृत्तिवेतनासाठीचे सरासरी वेतन शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांवरून काढण्याचा नियम आला व त्यामुळे अनेकांचे निवृत्तिवेतन घटले. ज्यांना ह्याची झळ बसली, त्या वृद्धांसाठी केंद्रीय मंडळावर एकही राखीव जागा नाही. कायद्यातील शब्द ‘कर्मचारी’ असा आहे, ‘निवृत्त’ असा नाही. आपल्याच बुलढाणा शहरात २४ डिसेंबर २०१८ पासून ह्या निवृत्तांनी साखळी उपोषण आरंभले. दरमहा ७,५०० रुपये व महागाई भत्ता ही त्यांची मुख्य मागणी. सत्तरी ओलांडलेली माणसे मांडवात बसून जे सांगत होती, ते मंडळाच्या बैठकीत सांगण्याची सोय असती तर?

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीला हा विषय नवा नाही. १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’पासून कामगारांच्या संघटित होण्याच्या हक्काचा पुरस्कार झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उद्योगाच्या व्यवस्थापनात सर्वांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह धरला, आणि पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ ह्या परिपत्रात वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचा कामगाराच्या हक्कांत समावेश केला. हे सारे आम्ही सेमिनरीत अभ्यासले, परीक्षेत लिहिले. नंतर एका शाळेचा व्यवस्थापक असताना तेथील शिपायाने मला विचारले होते, “फादर, माझे पैसे कापतात, ते कुठे जातात?” मी त्याला सांगितले, “काळजी करू नकोस, सगळे व्यवस्थित आहे.” सगळे व्यवस्थितच होते. पण मी त्याला उतारा दाखवला नाही, हे आज आठवले की ओशाळल्यासारखे होते. आपल्या संस्थांतील परिचारिका, लेखनिक, स्वयंपाकी ह्यांना त्यांच्या निधीचा हिशेब आपण किती वेळा समजावून सांगतो?

सरकारी निधीत खाते असलेल्यांना आता आपला उतारा मोबाइलवर पाहता येतो, आणि जानेवारी २०२३ पासून दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ ह्या नावाने तक्रार व माहितीची शिबिरे भरवण्याचा उपक्रम सुरू झाला. कंपनीच्या ट्रस्टमध्ये असलेल्यांनी मात्र चार गोष्टी कंपनीतच विचाराव्यात: विश्वस्तांची नावे, मागील निवडणुकीची तारीख, शेवटच्या बैठकीचे इतिवृत्त आणि पैसा कोणत्या रोख्यांत आहे ह्याची यादी. विचारताना लेखी विचारावे व पोच घ्यावी.

आमच्या त्या गृहस्थांनी तसेच केले. जुन्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन ते कंपनीत गेले, अर्ज दिला आणि तीन आठवड्यांनी उत्तराचा कागद घेऊन पुन्हा माझ्याकडे आले. कर्मचाऱ्यांच्या विश्वस्तांच्या यादीत तीन नावे होती. नोकरी सुटली की असे विश्वस्तपदही सुटते. तरीही त्यांतील एक नाव त्यांच्याच खात्यातल्या, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाचे होते. “हा तर माझ्या शेजारच्या मशीनवर होता,” ते म्हणाले, “त्यालाही ठाऊक नसेल.” त्याच संध्याकाळी ते त्याला सांगावयास गेले.